थर्टी-ऑट-सिक्स की सिक्स-पॉइंट-फाइव्ह? अमेरिकन शिकाऱ्यांचं शंभर वर्षांचं भांडण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना आकडे भरभर निघून गेले, ते इथे निवांत बघा.

काही वाद संपण्यासाठी नसतातच. आयफोन की अँड्रॉइड? आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांत टॅब की स्पेस? अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा तसाच एक वाद आहे: हरणाला काडतूस कुठलं वापरायचं? नोव्हेंबरात हरणांचा सीझन आला की पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मोंटाना, कुठेही जा. रात्री शेकोटीपाशी काका, पुतण्या, आजोबा बसतात आणि हाच विषय निघतो.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती, यानंतर हौसेची शिकार बंदच झाली. तिकडे मात्र राज्य सरकार लायसन्स देतं, सीझनच्या तारखा आणि किती प्राणी मारायचे ते ठरवतं, आणि मांस घरच्या फ्रीझरमध्ये जातं. शिकार बरोबर की चूक, हा वेगळा एपिसोड. आज फक्त काडतुसांचा वाद समजून घेऊ. गंमतीचा वाटतो, पण त्याच्या टोकाला एक जिवंत प्राणी उभा असतो. नेम चुकला तर तो जखमी होऊन जंगलात शिरतो आणि तासन्‌तास तडफडून मरतो.

आधी बेसिक: काडतूस म्हणजे काय?

गोळी आणि काडतूस हे एकच नाही. काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा ओढला की दारू पेटते, वायूचा दाब तयार होतो आणि गोळी नळीतून सुटते. पुंगळी मागेच राहते.

रायफल एका ठरावीक मापाच्या काडतुसासाठीच बनते. चार्जरच्या पिनसारखं समजा. एकदा रायफल घेतली की पुढची तीस-चाळीस वर्षं तेच काडतूस विकत घ्यायचं. म्हणून तर एवढी भांडणं!

मुख्य पात्रं

पहिले आजोबा: .३०-३०, म्हणजे थर्टी-थर्टी. साल १८९५. पहिला ३० म्हणजे नळीच्या आतला व्यास, ०.३० इंच. दुसरा ३० म्हणजे तेव्हाच्या नव्या, धूर न करणाऱ्या दारूचं वजन, ३० ग्रेन. (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम.) काउबॉय सिनेमात खटका खाली-वर करून चालवतात ना, तशा विंचेस्टर रायफलमधून हे काडतूस घराघरांत गेलं. त्या रायफलीत नळीखालच्या पाइपात काडतुसं एकामागे एक बसतात. गोळीचं टोक अणकुचीदार असेल तर ते पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टोचून स्फोट व्हायचा धोका. म्हणून गोळीचं नाक चपटं ठेवायचे. चपटं नाक हवा जास्त अडवतं, त्यामुळे लांबवर दम संपतो. पण दाट झाडीत हरीण दिसतंच मुळी ५०-१०० मीटरवर, तिथे आजोबा आजही पुरून उरतात.

दुसरं: .३०-०६, थर्टी-ऑट-सिक्स. ०६ म्हणजे १९०६, अमेरिकन लष्कराने ते स्वीकारलं ते वर्ष. दोन्ही महायुद्धांत सैनिकांनी हेच वापरलं. घरी परतल्यावर त्यांना हेच ओळखीचं, आणि दुकानातही हेच मिळायचं.

तिसरं: .२७० विंचेस्टर, साल १९२५. पुंगळी थर्टी-ऑट-सिक्सच्याच घराण्यातली, मान अरुंद केलेली. गोळी हलकी, पण जास्त वेगवान.

चौथा नवा गडी: ६.५ क्रीडमोर. हॉर्नेडी कंपनीने २००७ मध्ये आणलं, तेही मुळात टार्गेटच्या स्पर्धांसाठी. जुने शिकारी याची टिंगल करतात: डोक्यावर बुचडा बांधणाऱ्या पोरांचं काडतूस म्हणे! खरी गंमत अशी की ६.५ मिलिमीटरची गोळी नवीन नाहीच. स्वीडन-नॉर्वेत ६.५×५५ हे काडतूस १८९० च्या दशकापासून आहे आणि त्यावर लोकांनी मूससारखी घोड्याएवढी जनावरं मारलीत.

सगळ्यात गाजलेली जुगलबंदी

विसाव्या शतकात या वादाला दोन चेहरे मिळाले. एक जॅक ओ'कॉनर, ॲरिझोनाचे, पत्रकारितेचे प्राध्यापक, नंतर 'आउटडोअर लाइफ' मासिकाचे लेखक. .२७० लोकप्रिय करण्यात त्यांचा वाटा मोठा. म्हणणं साधं: गोळी वेगवान असली की मार्ग सपाट राहतो, धक्का कमी बसतो, नेम बरोबर लागतो.

दुसरे एल्मर कीथ, आयडाहोचे, गुराढोरांत वाढलेले. त्यांचं म्हणणं: एल्क हे आपल्या सांबराहून थोराड जनावर, त्याला मोठी, जड गोळीच हवी. तिरक्या कोनातून लागली तरी हाड फोडून आत गेली पाहिजे. वाचकांमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या.

आकडे काय सांगतात?

गोळीची ऊर्जा काढायचं सूत्र शाळेतलंच, ½mv². नळीतून सुटताना साधारण अशी असते:

- थर्टी-थर्टी (१७० ग्रेन): सुमारे २,४५० ज्यूल
- ६.५ क्रीडमोर (१४३ ग्रेन): सुमारे ३,१५० ज्यूल
- .२७० (१३० ग्रेन): सुमारे ३,६५० ज्यूल
- थर्टी-ऑट-सिक्स (१८० ग्रेन): सुमारे ३,९५० ज्यूल

तुलनेसाठी, ताशी १५० किमीने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत जेमतेम १४० ज्यूल असतात. म्हणजे हरणासाठी चारही पुरेशी आहेत. मरणारं जनावर ज्यूल मोजत नाही. गोळी हृदय-फुप्फुसात गेली का, आणि पुरेशी खोल गेली का, एवढंच महत्त्वाचं.

याचा पुरावा आपल्या ओळखीचा आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना १९०७ मध्ये .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. हे काडतूस म्हणजेच ७×५७ माउझर, आजच्या हिशेबात मध्यम ताकदीचं. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी १९२६ मध्ये याच रायफलने मारला. आफ्रिकेत 'कारामोजो' बेलने याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले. आज वाचताना वाईट वाटतं, पण मुद्दा कळतो: शरीररचना पाठ असलेल्या माणसाला मोठं काडतूस लागत नव्हतं.

मग फरक कुठे पडतो?

पहिला फरक खांद्यात. थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का ६.५ क्रीडमोरच्या साधारण दीडपट. धक्क्याची भीती बसली की घोडा ओढायच्या क्षणी माणूस दचकतो, डोळे मिटतो आणि गोळी पोटात जाते. पोटात लागलेलं हरीण लगेच मरत नाही. म्हणून नवख्या पोराच्या हातात ६.५ देणारा काका चुकत नाही. त्याला "नाजूक" म्हणून हसणाऱ्यांनी जरा विचार करावा.

दुसरा फरक लांबवर. ६.५ ची गोळी लांब आणि निमुळती, हवेत वेग कमी गमावते, वाऱ्याने कमी ढळते. पण इथेच खरा धोका आहे. कमी ढळते म्हणजे ढळत नाही असं नाही. ताशी १६ किमीचा आडवा वारा असेल तर ४५० मीटरवर तीही फूटभराहून जास्त सरकते. आणि हरणाचा हृदय-फुप्फुसाचा भाग असतो जेमतेम २०-२५ सेंटिमीटर! शिवाय तिथवर पोचायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हरणाने एक पाऊल टाकलं की संपलं. कागदी टार्गेट पाऊल टाकत नाही. काडतूस चांगलं झालं म्हणून अंतर वाढवत नेलं, तर चांगल्या काडतुसाचा फायदा जनावराला मिळतच नाही.

तिसरा फरक दुकानात. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत काडतुसांची मोठी टंचाई झाली. फडताळं रिकामी असताना सगळं बॅलिस्टिक्स बाजूला राहतं, मिळेल ते उत्तम.

वाद का संपत नाही?

कारण प्रश्न वेगवेगळे आहेत. झाडीतला माणूस थर्टी-थर्टी म्हणेल, मोकळ्या डोंगरावरचा .२७०, नवशिका ६.५. आणि ज्याच्याकडे आजोबांची रायफल आहे, तो थर्टी-ऑट-सिक्सच म्हणणार. त्याला आलेख दाखवून काय उपयोग?

मला विचाराल तर शेकोटीपाशी "कुठलं काडतूस?" याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: "किती अंतरापर्यंत तुझ्या दहापैकी दहा गोळ्या एका ताटलीत बसतात?" उत्तर १५० मीटर असेल, तर १५१ व्या मीटरवरच्या हरणाला जाऊ द्यायचं. मग रायफल कुठलीही असो.

तुमच्या ओळखीत अमेरिकेत शिकारीला जाणारं कोणी असेल तर त्यांचं मत विचारून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!