भात उफणणारा वारा आणि धनुर्धराचा बाण

खळ्यावर भात उफणताना वारा कुठून येतो हे तुम्ही कोणाला विचारायला जात नाही. सूप वर धरून भात सोडले की भरलेला दाणा पायाशी राशीत पडतो आणि फोलपट चार हात लांब उडते. दोघांनाही वारा तोच लागला, पण दाण्याला वजन आहे आणि फोलपटाला नुसते अंग. धनुर्विद्येतला वाऱ्याचा धडा इथूनच सुरू होतो.

ऑलिंपिकमध्ये बाण मारायचा तो ७० मीटरवर, म्हणजे सुमारे २३० फुटांवर. लक्ष्य १२२ सेंटिमीटर रुंदीचे, पण पूर्ण दहा गुण देणारे मधले वर्तुळ जेमतेम बशीएवढे. बाणाला तिथवर पोचायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात आडवा वारा त्याला बाजूला ढकलतो. वारा समोरून असला तर बाण थोडा खाली लागतो, पाठीमागून असला तर वर.

म्हणूनच मोकळ्या मैदानावर धनुर्धर बारीक, कार्बनचे बाण वापरतात. अंग कमी, त्यामानाने वजन बरे. शेपटीची पिसे बाण सरळ ठेवतात खरी, पण ती मोठी असली तर वाराही जास्त धरतात. मोठ्या पिसांचा जाड बाण बंद सभागृहात चालतो, बाहेर त्याचे फोलपट होते. वारा माणसालाही सोडत नाही. ताणलेले धनुष्य धरलेला हात डोलतो, ते निराळेच.

आता आपल्या चंदगडचे पाहा. पावसाळ्यात पारगडाच्या अंगाने कोकणातून वर चढणारा वारा एकसारखा कधी नसतो. झोत येतो, थांबतो, पुन्हा येतो. धनुर्धराला खरी धास्ती या झोताची. एका चालीने वाहणारा वारा असेल तर धनुष्यावरची नेमपट्टी थोडी सरकवून भागते. झोताचा वारा असेल तर मधोमध नेम न धरता वारा येतो त्या बाजूला जरा सरकून नेम धरावा लागतो. किती सरकायचे? ते बघायला प्रत्येक लक्ष्याच्या वर एक चिमुकले निशाण लावलेले असते. पण निशाण तिकडचा वारा सांगते. आपल्या पायाशी वारा वेगळा असू शकतो. म्हणून जाणते खेळाडू गवताकडे आणि झाडाच्या शेंड्याकडेही नजर ठेवतात.

झोत जाईपर्यंत थांबावे म्हटले, तर समोरासमोरच्या लढतीत एका बाणाला मिळतात फक्त २० सेकंद! काजूवर ढेकण्याचे औषध मारताना वारा पडेपर्यंत आपण पंप खाली ठेवून बसतो, तशी मुभा तिथे नाही.

हे सारे शहरी, पैसेवाल्या पोरांचेच काम, असे मात्र समजू नका. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. तो क्रीडा प्रबोधिनीत शिकला, पुढे सैन्यात गेला आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला उतरला. तिथले मैदान समुद्राजवळ भराव घातलेल्या जागेवरचे. पहिल्याच फेरीत त्याने रशियाच्या नामवंत धनुर्धराला ६-० असे हरवले. पुढच्या फेरीत अमेरिकेच्या ब्रेडी एलिसनपुढे तो हरला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. तिचा प्रकार कंपाउंड धनुष्याचा. त्यात चाकांमुळे बाण वेगाने सुटतो आणि अंतर ५० मीटरचे, म्हणून वाऱ्याला वेळ कमी मिळतो. पण तिथे दहाचे वर्तुळही ८ सेंटिमीटरचेच असते.

तुमच्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला हा नाद लागलाच, तर आधी जागा नीट बघा. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध हवा, पाणंद किंवा गुरांची वाट नको. आणि वारा भरारत असेल त्या दिवशी बाजूला आणखी मोकळी जागा सोडा. जवळच्या अंतरापासून सुरुवात करू द्या आणि शिकवणारा जाणता माणूस सोबत असल्याखेरीज धनुष्य हाती देऊ नका.