पिल्लांच्या अंगी रंग भरतो तेव्हा...

दापोली - हर्णै बंदरावरील लिलावात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला रंगाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पापलेटची चकाकी, सुरमईच्या पाठीवरील निळसर झाक आणि कोळंबीचा तजेला पाहूनच भाव बोलला जातो. मात्र याच दापोली तालुक्यात एखाद्या कुटुंबाने परसातील सिमेंटच्या टाकीत शोभिवंत माशांची पैदास करण्याचे ठरविले, तर रंगाचा हा हिशेब उलटा होतो. गोल्डफिशच्या जोडीने अंडी दिली, पिल्ले बाहेर आली, ती पोहू लागली, खाऊ लागली, तरी ज्या केशरी रंगासाठी हा मासा विकला जातो तो रंग पिल्लांच्या अंगावर नसतोच. टाकीत दिसतात ती मळकट, तपकिरी झाक असलेली शेकडो पिल्ले. बीज खोटे निघाले, अशी नवख्या संवर्धकाची समजूत होते. काही जण अशी पिल्ले मातीमोल भावाने देऊन टाकतात, तर काही जण रंगाची घाई करून भलत्याच उपायांच्या मागे लागतात.

वस्तुतः बीजात खोट नसते. माशाचा रंग ही जन्मतः मिळालेली वस्तू नसून सावकाश घडणारी प्रक्रिया आहे. ती कशी घडते, हे समजून घेणे हा कोकणातील छोट्या मत्स्यसंवर्धकासाठी रोजच्या खर्चाचा प्रश्न आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 मध्ये सुरू झाली, तेव्हा परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनालाही तीत अर्थसाह्य ठरविण्यात आले. दापोलीत 1972 मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय 1981 पासून रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्यविज्ञानाचे शिक्षण देत आहे. ज्ञान आणि अर्थसाह्य यांची सोय अशी जवळपास असली, तरी टाकीजवळ बसून पिल्लांकडे पाहणाऱ्या माणसाला पडणारा प्रश्न साधाच असतो - रंग येणार कधी आणि कशाने?

पेशींचा प्रवास

माणसाच्या त्वचेला रंग देणारी मुख्य पेशी एकाच प्रकारची असते. माशाच्या अंगावर मात्र अशा पेशींचे अनेक प्रकार आढळतात. मेलॅनिन हे काळे-तपकिरी द्रव्य बाळगणाऱ्या पेशी हा पहिला प्रकार. पिवळी, केशरी आणि तांबडी द्रव्ये साठविणाऱ्या पेशी हा दुसरा. तिसऱ्या प्रकारच्या पेशींत रंगद्रव्य नसतेच. त्यांच्यात ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म पापुद्रे आरशांसारखे रचलेले असतात आणि त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो. पापलेटची चंदेरी चकाकी ही या आरशांची किमया होय. बहुतेक माशांच्या अंगावर दिसणारा निळा रंगही निळ्या द्रव्याचा नसतो. हे सूक्ष्म आरसे आणि त्यांच्याखालील काळा थर यांतून तो भासतो.

या सर्व पेशींचे मूळ एकच असते. अंड्यातील गर्भात मज्जारज्जू आकाराला येण्याच्या सुमारास पाठीच्या कडेने पेशींची एक पट्टी तयार होते. तेथून निघालेल्या पेशी शरीरभर पसरतात आणि वाटेत त्यांची कामे ठरत जातात. काही मज्जातंतूंचा भाग होतात, काही रंगपेशी होतात. प्रथम काळा रंग उमटतो. अंड्याच्या पारदर्शक आवरणातून दिसणारे दोन काळे ठिपके म्हणजे पिल्लाचे डोळे. त्यानंतर अंगावर तुरळक काळे ठिपके दिसू लागतात.

पिल्लाचा हा पहिला वेश तात्पुरता असतो. प्रौढ माशाचे रंग घडविणाऱ्या पेशींचा साठा मज्जातंतूंच्या गाठींजवळ वाट पाहत थांबलेला असतो, हे झेब्राफिश या भारतीय ओढ्यांतील छोट्या माशावरील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. पिल्लाचे रूपांतर होण्याची वेळ आली की या पेशी त्वचेकडे सरकतात, एकमेकींना खेचतात किंवा दूर लोटतात आणि त्यातूनच पट्टे उमटतात. झेब्राफिशच्या रंगाचा धागा माणसापर्यंतही पोहोचतो. अंगावरील पट्टे फिकट पडलेल्या झेब्राफिशमध्ये कोणते जनुक बिघडले आहे, याचा शोध 2005 मध्ये लागला, तेव्हा त्याच जनुकाच्या मानवी रूपाचा माणसाच्या त्वचेच्या वर्णाशी संबंध असल्याचेही दिसून आले.

काळा जातो, केशरी उरतो

गोल्डफिशच्या बाबतीत ही प्रक्रिया आणखी वेगळे वळण घेते. या माशाचा रानटी पूर्वज तपकिरी-हिरवट रंगाचा. पिल्लेही प्रथम त्याच वेशात वाढतात. काही आठवड्यांनी, साधारणपणे दोन-तीन महिन्यांच्या सुमारास, रंग पालटू लागतो. आधी पिल्लू अधिकच काळवंडते. त्यानंतर काळ्या पेशी मरू लागतात आणि पोटाकडून वर पाठीकडे केशरी रंग उघडा पडत जातो. म्हणजेच केशरी रंग बाहेरून चढत नाही; काळ्या पेशींचा पडदा हटल्यावर तो दिसू लागतो. पाणी उबदार असल्यास हा बदल लवकर होतो, थंडीत तो रेंगाळतो. दापोलीच्या हिवाळ्यात पहाटेचे पाणी चांगलेच गार होते. त्यामुळे थंडीत वाढणारी पिल्ले उशिरा रंगली, तर त्यात नवल नाही. काही पिल्ले त्याहूनही उशिरा रंगतात आणि काही आयुष्यभर तपकिरीच राहतात. असे मासे प्रत्येक विणीत थोडेबहुत निघतात.

यामुळेच छाटणीची वेळ महत्त्वाची ठरते. पहिली निवड शेपटी, पाठ आणि पोहण्याची ढब पाहून करावी आणि रंगावरून निवड त्यानंतर करावी, अशी जाणत्या संवर्धकांची रीत आहे. कोई कार्प या माशाची जात मात्र कोणती आहे हे पाहावे लागते. जपानच्या निइगाता भागात एकोणिसाव्या शतकात भातशेती करणाऱ्यांनी कोई माशांचे रंग जोपासले. त्यांपैकी काळ्या अंगावर तांबडे-पांढरे डाग असणाऱ्या ‘शोवा’ जातीत अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही दिवसांतच काळी पिल्ले वेगळी काढली जातात. पांढऱ्या अंगावर तांबडे डाग असणाऱ्या ‘कोहाकू’ जातीत मात्र डाग स्पष्ट होण्यासाठी आठवडे थांबावे लागते. एका जातीचा नियम दुसरीला लावणाऱ्याचे नुकसान ठरलेलेच.

छाटलेल्या पिल्लांचे काय करायचे, हाही प्रश्न उरतो. ती जवळच्या वहाळात किंवा विहिरीत सोडण्याचा मोह टाळला पाहिजे. तपकिरी रंग हे पिल्लांचे संरक्षक कवच आहे. खंड्या आणि बगळ्याच्या नजरेस न पडणारी अशी पिल्ले मोकळ्या पाण्यात तग धरतात आणि स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी होतात.

तीन पांढरे पट्टे

‘फाइंडिंग निमो’ या 2003 मधील चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलेला विदूषक मासा रंगाच्या या वेळापत्रकाचे उत्तम उदाहरण आहे. समुद्री फुलात राहणाऱ्या या माशाची पैदास भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी करून दाखविली. अंड्यातून निघालेले पिल्लू जवळजवळ पारदर्शक असते. साधारण दुसऱ्या आठवड्यात त्याचे रूपांतर होते, अंग केशरी होते आणि पांढरे पट्टे उमटतात. प्रथम डोक्यावरील व मधला पट्टा येतो, शेपटीजवळचा त्यानंतर येतो. हे पट्टे प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशींचे असतात.

पट्ट्यांची वेळ कोण ठरवते, यावरील संशोधन 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पट्टे थायरॉइडच्या संप्रेरकामुळे येतात आणि त्यांची गती परिसरावर अवलंबून असते, असे त्यात आढळले. एका जातीच्या समुद्री फुलात वाढणाऱ्या पिल्लांना पट्टे लवकर आले, दुसऱ्या जातीच्या फुलातील पिल्लांना उशिरा. बेडकाच्या पिल्लाची शेपटी झडवणारे संप्रेरकही हेच. मत्स्यबीज केंद्रात अर्धवट किंवा तुटक पट्ट्यांची पिल्ले निघतात, त्यामागे रूपांतराच्या त्या नाजूक दिवसांतील गडबड हे एक कारण असू शकते.

खाण्याच्या माशांतही रंगाची ही भाषा उपयोगी पडते. मत्स्यजिरे विकत घेताना रोहू, कटला आणि मृगळ सारखेच दिसतात. थोडे वाढल्यावर मात्र मृगळाच्या शेपटीच्या देठाशी त्रिकोणी काळसर ठिपका दिसतो, रोहूत तेथे आडवा काळसर पट्टा असतो आणि कटल्यात असा ठळक डाग नसतो. जपानमध्ये लेप्याच्या जातकुळीतील ‘हिरामे’ या चपट्या माशाची पैदास सुरू झाली, तेव्हा डोळे असलेल्या गडद बाजूवर पांढरे चट्टे असलेली पिल्ले मोठ्या संख्येने निघू लागली. बाजारात अशा माशाला भाव मिळेना. कोवळ्या वयात दिल्या जाणाऱ्या सजीव खाद्यात अ जीवनसत्त्व आणि आवश्यक मेदाम्ले यांचे प्रमाण बिघडल्याने हा दोष येतो, असे पुढे लक्षात आले. खाद्य सुधारल्यावर चट्टे कमी झाले. त्या काही दिवसांतील चूक पुढे कितीही चांगले खाद्य दिले तरी भरून निघत नाही.

रंग खाद्यातून येतो

काळे द्रव्य मासा स्वतः तयार करतो. केशरी आणि तांबडे रंग देणारी कॅरोटिनॉइड गटातील द्रव्ये मात्र त्याला तयार करता येत नाहीत. ती शेवाळातून किंवा शेवाळ खाणाऱ्या जिवांतून घ्यावी लागतात. म्हणून केवळ तांदळाचा कोंडा आणि पेंड यांवर वाढविलेला गोल्डफिश फिकट राहतो.

कोकणात या द्रव्याचा साठा डोळ्यांदेखत फेकला जातो. कोळंबी शिजली की लाल होते, ती अ‍ॅस्टाझँथिन या द्रव्यामुळे. कच्च्या कोळंबीत ते प्रथिनाला बांधलेले असल्याने झाकलेले असते. उष्णतेने बंध सुटला की तांबडा रंग उघड होतो. सोडे वाळविण्यासाठी कोळंबी सोलल्यावर उरणारी डोकी आणि टरफले धुऊन, कडक वाळवून, बारीक दळून खाद्यात मिसळता येतात. झेंडूच्या पाकळ्या आणि स्पिरुलिना हे शेवाळ यांचाही उपयोग होतो. गोल्डफिश आणि कोई या माशांना वनस्पतींतील काही पिवळी द्रव्ये शरीरात तांबड्या द्रव्यात बदलता येतात. हे काम एका दिवसाचे नाही. परिणाम दिसायला काही आठवडे जातात. अतिरेकही घातक ठरतो. जास्त रंगद्रव्य दिल्यास कोईच्या अंगावरील शुभ्र भागाला गुलाबी छटा येते आणि त्याची किंमत घसरते. नीट न वाळलेली टरफले टाकीत कुजून पाणी बिघडवतात, ते वेगळेच.

टाकीचा रंग आणि फसवा रंग

कोकणात जांभ्या जमिनीत पाणी झिरपते, म्हणून अनेक शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालावे लागते. या अस्तराचा रंगही माशावर उमटतो. फिकट तळाच्या टाकीत मासा काही मिनिटांतच फिका दिसू लागतो, कारण काळ्या पेशींतील रंगकण पेशीच्या मध्यभागी गोळा होतात. गडद तळावर तेच कण पसरतात. मासा बराच काळ एकाच पार्श्वभूमीवर राहिला, तर काळ्या पेशींची संख्याही कमी-जास्त होते. म्हणून ‘मासा फिका पडला’ असे म्हणण्यापूर्वी टाकी कोणत्या रंगाची आहे, हे पाहिले पाहिजे. टाकी तीच असताना मासा अचानक काळवंडला किंवा निस्तेज झाला, तर मात्र पाणी, प्राणवायू आणि रोग यांची तपासणी तातडीने करावी. रंग हा माशाच्या प्रकृतीचा पहिला निरोप असतो.

ज्यांना थांबण्याची तयारी नसते त्यांच्यासाठी बाजारात आडवाटाही आहेत. नराचे संप्रेरक खाऊ घातल्यास गप्पीच्या माद्याही रंगतात. परंतु अशा माशांची प्रजननक्षमता बिघडते आणि पैदास करणाऱ्याचाच वंश खुंटतो. ग्लासफिश या आपल्याकडील पारदर्शक माशाच्या अंगात सुईने रंग भरून तो विकण्याचा प्रकार आग्नेय आशियातून सर्वत्र पसरला. सुईच्या जखमेतून रोग शिरतो, अनेक मासे दगावतात आणि वाचलेल्यांचा रंग काही महिन्यांत उडून जातो. मुंबई-पुण्यातील गिऱ्हाइकाने गुलाबी किंवा गर्द निळ्या पट्टीचा असा मासा मागू नये, एवढे केले तरी हा व्यवहार मंदावेल.

मत्स्यालयासाठी मासे घेणाऱ्याने रंगाबरोबर वयही विचारावे. दोन महिन्यांचा तपकिरी गोल्डफिश हा दोषी माल नव्हे. तो वेळापत्रकाप्रमाणे चाललेला असतो. पैदास करणाऱ्यानेही प्रत्येक विणीची तारीख, पाण्याचे तापमान, खाद्य आणि रंग पालटू लागल्याचा दिवस वहीत नोंदवून ठेवल्यास दोन-तीन विणींत त्याच्या टाकीचे वेळापत्रक त्याच्या हाती येईल. त्यानंतर किती खाद्य, किती दिवस आणि किती पिल्ले, हा हिशेब अंदाजाने मांडावा लागणार नाही. मळकट पिल्लांनी भरलेली टाकी विकायची की आणखी महिनाभर थांबायचे, याचे उत्तर त्या वहीतच मिळेल.