निकामी हार्ड डिस्क आणि जुन्या लॅपटॉपचे पुनरुज्जीवन : महाविद्यालयीन उपयोगाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना :
मोहोळ हे सोलापूर-पुणे महामार्गावरील तालुक्याचे गाव होय. अशा तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत संगणकाचा वापर प्रामुख्याने २००० नंतरच्या दशकात रुजला. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला, २००४ मध्ये सोलापूर येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि नॅकच्या मूल्यांकनामुळे विभागांच्या नोंदी संगणकावर ठेवणे अपरिहार्य ठरले. त्या काळातील लॅपटॉपची हार्ड डिस्क निकामी झाली की संपूर्ण यंत्रच भंगारात काढण्याकडे सर्वसाधारण कल असतो. वास्तविक येथे दोन भिन्न प्रश्न उपस्थित होतात : डिस्कमधील माहितीचे काय, आणि उरलेल्या यंत्राचे काय? या दोन प्रश्नांची गल्लत केल्याने होणारे नुकसान आणि ते टाळण्याचा क्रम स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डिस्क निकामी होण्याची कारणे :
पहिली हार्ड डिस्क आयबीएम या कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व सुमारे ५० लाख अक्षरे मावत. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्कचे मूलतत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप असलेली तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि वाचन-लेखन करणारे हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. मानवी केसाची जाडी सुमारे ७०,००० नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतल्यास या रचनेची नाजूकता ध्यानी येते. चालू स्थितीत बसलेला धक्का, उष्णता आणि दीर्घकाळची झीज ही बिघाडाची प्रमुख कारणे होत. जुन्या लॅपटॉपची बॅटरी निकामी झालेली असल्यास वीज जाताच यंत्र तत्क्षणी बंद पडते. अशा वेळी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते.

बिघाडाचे तीन प्रकार ओळखता येतात. पहिल्यात डिस्क सुस्थितीत असते, परंतु ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइली बिघडलेल्या असतात. दुसऱ्यात तबकडीचे काही भाग वाचता येत नाहीत. यंत्र अतिशय मंद होते व वारंवार अडकते. तिसऱ्यात हेड अथवा मोटार निकामी होते व ठरावीक अंतराने ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येतो. पुढील कृती या निदानावर अवलंबून असते.

प्रथम माहिती, नंतर यंत्र :
डिस्क बिघडल्याचा संशय येताच तिच्यावर नव्याने काहीही लिहू नये. दुरुस्तीच्या हेतूने विंडोज पुन्हा टाकणे अथवा डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालविणे, ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. आधीच क्षीण झालेल्या डिस्कवर त्यामुळे ताण पडतो आणि वाचू शकली असती अशी माहितीही पुसली जाऊ शकते.

पहिल्या दोन प्रकारांत डिस्क काढून यूएसबी जोडणीच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकास जोडावी व तिची संपूर्ण प्रत घ्यावी. ‘डीडीरेस्क्यू’ ही मुक्त आज्ञावली यासाठी उपयुक्त आहे. ती सहज वाचता येणारे भाग आधी उतरवून घेते, खराब भाग अखेरीस राखून ठेवते आणि कामाची नोंद ठेवत असल्याने मध्येच थांबल्यास तेथूनच पुढे जाते. फाइलींचा शोध या प्रतीवर घ्यावा. मूळ डिस्कवर नव्हे. तिसऱ्या प्रकारात मात्र डिस्कचा वीजपुरवठा त्वरित बंद करावा. ती उघडणे हे धूळविरहित प्रयोगशाळेचेच काम आहे. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा प्रचलित उपाय धोक्याचा आहे, कारण बाहेर काढताच आत दव धरते. प्रयोगशाळेचा खर्च जुन्या लॅपटॉपच्या किमतीहून अधिक होऊ शकतो. म्हणून माहितीचे मोल आधी ठरवावे.

यंत्राचे पुनरुज्जीवन :
साधारण २००६ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ‘साटा’ जोडणी असते. त्यांत अडीच इंची एसएसडी थेट बसते. फिरता भाग नसल्याने ती धक्के सोसते आणि जुन्या यंत्राच्या वेगातही लक्षणीय फरक पडतो. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये ४४ पिनांची ‘आयडीई’ जोडणी असते. तेथे कॅमेऱ्यात वापरले जाणारे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या अॅडॅप्टरद्वारे डिस्कप्रमाणे चालते. मात्र काही जुनी यंत्रे १३७ गिगाबाइटपेक्षा मोठी डिस्क ओळखत नाहीत, याचे भान ठेवावे.

फिरत्या डिस्कशिवाय लॅपटॉप चालविण्याची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात येथील शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे लॅपटॉप देण्यात आले होते. त्यांत हार्ड डिस्कऐवजी १ गिगाबाइटची फ्लॅश मेमरी होती.

ऑपरेटिंग सिस्टीमची निवड करताना सुरक्षेचा विचार आवश्यक आहे. विंडोज एक्सपीला २०१४ मध्ये, विंडोज ७ ला २०२० मध्ये आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मिळणारे नियमित साहाय्य संपले. त्यामुळे हलक्या स्वरूपाची लिनक्स प्रणाली हा व्यवहार्य पर्याय ठरतो. तथापि, ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ या आवृत्तीपासून ३२ बिटच्या संगणकांसाठी स्थापना-संच दिला जात नाही. म्हणून प्रोसेसरचा प्रकार आधी तपासावा. तसेच मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी बदलावी. ती संपल्यास घड्याळ मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत.

मराठी मजकुराचा प्रश्न :
फाइल परत मिळाली म्हणजे मजकूर परत मिळाला, असे मराठीच्या बाबतीत म्हणता येत नाही. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरीचा समावेश झाला असला तरी पुढे अनेक वर्षे महाविद्यालयांतील लेखन श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये होत राहिले. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसविलेले असतात. मूळ फॉन्ट नसल्यास शोधनिबंधाच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. याकरिता जुन्या डिस्कमधून फाइलींबरोबर फॉन्टही उतरवून घ्यावेत, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि जोडाक्षरे व रफार मुद्रित प्रतीशी ताडून पाहावेत.

मर्यादा व समारोप :
पुनरुज्जीवित लॅपटॉप टंकलेखन, ग्रंथालयातील सूचीचा शोध वा प्राथमिक प्रोग्रॅमिंगचा सराव यांस पुरेसा ठरतो. संस्थेच्या एकमेव नोंदी मात्र त्यावर ठेवू नयेत. निकामी डिस्कमध्ये विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती असू शकते. म्हणून ती तबकडीसह नष्ट करून, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपवावी.

सारांश, डिस्क हा लॅपटॉपचा बदलता येणारा भाग आहे. तीमधील माहिती मात्र बाजारात मिळत नाही. एका विभागाची दहा-पंधरा वर्षांची टिपणे, प्रश्नसंच व सर्वेक्षणे एखाद्याच डिस्कवर विसंबून असतील, तर ती निकामी होण्याची वाट न पाहता त्यांच्या दोन प्रती दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवणे, हाच सर्वांत अल्पखर्चिक उपाय होय.