जिन्याचा दांडा कोणत्या लेखाशीर्षात?

हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत कनिष्ठ अभियंता जिना चढत होते. टणक आवाज आला की पुढची पायरी, बद्द आवाज आला की तिथेच थांबून खडूचा चौकोन. बद्द वाजलं म्हणजे गिलावा भिंतीपासून सुटलेला. आज ना उद्या खाली येणार. दुसऱ्या मजल्यावर, सांडपाण्याच्या उभ्या पाइपामागे हे चौकोन एकमेकांना चिकटून आले. पाइपाच्या जोडातून झिरपा, झिरप्याने काँक्रीटमध्ये ओल, ओलीमुळे सळईला गंज. गंजलेली सळई फुगते आणि अंगावरचं काँक्रीट फोडते. ‘‘पाइप न बदलता नुसता गिलावा मारला, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा इथेच उभे राहू,’’ ते म्हणाले आणि वहीत आधी पाइपाची लांबी लिहिली, मग गिलाव्याचं क्षेत्रफळ.

नाशिकच्या कडेला असलेल्या एका घरकुल वसाहतीतली ही पावसाळ्यापूर्वीची पाहणी. तळमजला आणि वर तीन मजले. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सचिवांसोबत मीही गेलो होतो. संघाच्या अर्जात मागण्या तीनच होत्या: जिन्याच्या भिंतीच्या बाजूने धरायला दांडा, प्रत्येक चौकात दिवा आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत दाबाने पाणी.

अभियंत्यांनी पायरी मोजली. उंची १९ सेंटिमीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी जिन्याला चालणारी ही कमाल उंची. वृद्ध आणि दिव्यांगांचा विचार करून आखलेल्या मार्गदर्शक सूचना १५ सेंटिमीटरच्या वर जाऊ नका म्हणतात. एका मजल्याला १५ पायऱ्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर पोहोचायला ४५. इमारतीची उंची १५ मीटरच्या आत, त्यामुळे लिफ्टची सक्ती नाही. कागदावर सगळं नियमात.

तेवढ्यात वरून एक मावशी उतरत आल्या. तोंड भिंतीकडे, दोन्ही तळवे भिंतीवर, आधी डावा पाय खाली, मग उजवा त्याच पायरीवर. ‘‘दिवसातून एकदाच उतरते बाबा. दूध, औषध, सगळं एकाच खेपेत,’’ त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर अभियंत्यांनी टॉर्च भिंतीवर मारला. चुन्याच्या रंगावर खालपासून वरपर्यंत एक तेलकट काळपट पट्टा उमटला होता. वर्षानुवर्षे टेकलेल्या हातांचा. त्यांनी पायरीपासून त्याची उंची मोजली: ८३ सेंटिमीटर. सुगम्यतेच्या सूचनांत ७६ आणि ९० सेंटिमीटरवर असे दोन दांडे सांगितले आहेत. पट्टा बरोबर त्यांच्या मधोमध. दांडा कुठे लागतो हे रहिवाशांनी आधीच भिंतीवर दाखवून ठेवलं होतं.

ही घरं आली कुठून, तेही पाहायला हवं. ३ डिसेंबर २००५ रोजी केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. नाशिकची त्यात निवड झाली आणि शहरी गरिबांना मूलभूत सेवा देण्याच्या घटकाखाली चुंचाळे, वडाळा अशा भागांत महापालिकेच्या घरकुल इमारती उभ्या राहिल्या. किमान २५ चौरस मीटर चटई क्षेत्र. खर्चात केंद्राचा वाटा, राज्याचा, महापालिकेचा. लाभार्थ्याने किमान १२ टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर दुर्बल घटकांनी १०. बांधायला पैसा कोण किती देणार याचं कोष्टक असं चोख होतं. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्यांसाठी ते मोठंच पाऊल होतं. पण त्या वेळी पन्नाशीत असलेला माणूस आज पासष्टीच्या घरात आहे. पाइपांचंही आयुष्य तेवढंच सरलं आहे.

पाहणी संपते तेव्हा फाइल सुरू होते. मोजमापांना दरसूचीतले दर लावून प्राकलन होतं. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा. रक्कम मोठी असेल तर १६ सदस्यांच्या स्थायी समितीसमोर विषय. मग कार्यादेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि शेवटी देयक. या साखळीत अडसर बहुतेकदा एकाच प्रश्नाचा: खर्च कोणत्या लेखाशीर्षातून? गिलावा आणि पाइप बांधकामाकडे. दिवे विद्युत विभागाकडे. पाण्याचा दाब पाणीपुरवठ्याकडे. भिंतीवरचा दांडा ज्येष्ठांसाठी आहे असं म्हटलं, तर तो समाजकल्याणाचा विषय ठरू शकतो. एक जिना, चार टेबलं.

त्यातही इमारत बांधणं हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो, त्याचं भूमिपूजन होतं, कोनशिला लागते. पाइप तपासणं, टाकी धुणं, दिवा बदलणं हा महसुली खर्च. तो दरवर्षी येतो आणि त्याला कोनशिला नसते. विरंगुळा केंद्रांचंही हेच. खोली बांधून मिळते, बाकडी येतात. विजेचं बिल आणि झाडलोट कोणी करायची, हे ठरावात लिहिलेलं नसलं की कुलूप लागतं.

ज्येष्ठांसाठी योजना नाहीत असं नाही. राज्याच्या २०१८च्या धोरणाने ज्येष्ठत्वाचं वय ६० केलं. श्रावणबाळ योजनेचं मानधन २०२३ पासून महिना १,५०० रुपये आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उमेद घालवलेल्या कित्येकांना मिळणारं ईपीएस-९५ चं किमान निवृत्तिवेतन मात्र २०१४ पासून १,००० रुपयांवरच आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. या सगळ्या सवलती घ्यायला आधी घराबाहेर पडावं लागतं: हयातीचा दाखला, बँक, दवाखाना, बसथांबा. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाची प्रत्येक सवलत त्या ४५ पायऱ्यांवरून जाते. म्हणून अंधारा, ओला, दांडा नसलेला जिना दुरुस्त करणं ही ज्येष्ठ सेवाच आहे, आणि ज्येष्ठ सेवेच्या यादीत ती सर्वांत वर हवी.

हे ठरवायचं कोणी? मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं महासभा आणि स्थायी समिती दोन्हींचे अधिकार प्रशासकांकडे होते. १५ जानेवारी २०२६ ला १२२ जागांसाठी मतदान झालं. आता प्रभागात पुन्हा विचारायला माणूस आहे. पण सिंहस्थही दारात आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. रस्ते, घाट, पूल यांच्या गर्दीत जिन्याची फाइल सहज तळाशी जाते.

तेव्हा घरकुलातल्या रहिवाशांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना एवढंच सांगणं. ‘दुरुस्ती करून मिळावी’ असा अर्ज देऊ नका. एकदा दुरुस्ती होईल आणि फाइल बंद होईल. अर्जाच्या विषयातच लिहा: घरकुल इमारतींच्या वार्षिक देखभालीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र आवर्ती तरतूद करणेबाबत. इमारतनिहाय यादी जोडा, फोटो जोडा, साठीवरचे रहिवासी कोणत्या मजल्यावर किती, तेही लिहा. एक प्रत विभागीय कार्यालयात द्या, एक नगरसेवकाला, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं. अर्ज डिसेंबरच्या आत पोहोचला पाहिजे.