सलग प्रवासाची अट

कोमागाता मारू हे जपानी जहाज 23 मे 1914 रोजी व्हँकुव्हरच्या बंदरात आलं. जहाजावर 376 प्रवासी होते : 340 शीख, 24 मुस्लिम आणि 12 हिंदू. जवळजवळ सगळे पंजाबचे. समोर शहर दिसत होतं, पण उतरायला परवानगी नव्हती. दोन महिने त्यांना खाडीतच अडकवून ठेवलं. अन्नपाण्याचे हाल झाले. पूर्वी कॅनडात राहून गेलेल्या वीस-बावीस जणांनाच काय ती वाट मिळाली.

आपल्याकडे ही हकीकत परदेशातल्या हिंदींनी ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभारलेल्या गदर चळवळीच्या ओघात येते आणि दोन ओळींत संपते. या माणसांना अडवलं कोणत्या शब्दांनी, हे मात्र नीट पाहायला हवं. ‘हिंदी लोकांना मज्जाव’ असं कॅनडाच्या नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तसं लिहिणं अडचणीचं होतं. जालंधरचा शेतकरी आणि व्हँकुव्हरचा गोरा, दोघेही एकाच बादशहाचे प्रजाजन. उघड भेद केला तर हिंदुस्थानात असंतोष पेटेल, ही लंडनला धास्ती. म्हणून 8 जानेवारी 1908 रोजी कॅनडाने एक निरुपद्रवी दिसणारा हुकूम काढला : येणाऱ्याने आपल्या मायदेशातून, तिथेच काढलेल्या थेट तिकिटावर, सलग प्रवास करून यावं. हिंदुस्थानातून कॅनडाला सलग जाणारी बोट नव्हती. कलकत्त्याहून थेट तिकीट देऊ शकणारी कंपनी होती कॅनेडियन पॅसिफिक. तिला अशी तिकिटं विकू नका असं सरकारनेच सांगितलं. त्याच वर्षी आशियाई माणसाच्या खिशात 200 डॉलर असण्याची अटही आली.

गुरदित सिंग यांनी हाँगकाँगमध्ये कोमागाता मारू हे अख्खं जहाज भाड्याने घेतलं, ते या नियमाला भिडण्यासाठी. त्यांना आशा वाटावी असं कारणही होतं. नोव्हेंबर 1913 मध्ये पनामा मारू जहाजावरच्या हिंदी प्रवाशांच्या खटल्यात कॅनडातल्या न्यायाधीशांनी हे हुकूम सदोष ठरवले होते. पण सरकारने दोन महिन्यांत शब्द बदलून तेच हुकूम पुन्हा लागू केले. व्हँकुव्हरच्या हिंदी मजुरांनी आपल्या रोजंदारीतून पैसे काढून जहाजाचं थकलेलं भाडं भरलं, वकील दिला. मुन्शी सिंग या एका प्रवाशाच्या नावाने दावा लढवला गेला. 6 जुलैला अपील न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. 19 जुलैच्या रात्री पोलीस बोटीने जहाजाला भिडले, तेव्हा प्रवाशांनी वरून दगडी कोळसा फेकून त्यांना परतवलं. मग रेनबो ही युद्धनौका आणून उभी केली. 23 जुलैला कोमागाता मारू परत फिरलं.

पुढचं वाचताना माझा संताप आवरत नाही. जहाज वाटेत असतानाच महायुद्ध सुरू झालं आणि सप्टेंबरमध्ये हिंदुस्थान सरकारने वटहुकूम काढला : बाहेरून येणाऱ्या कुणाच्याही हालचालींवर निर्बंध घालता येतील. म्हणजे कॅनडाने परत पाठवलेल्या माणसांना स्वतःच्या देशातही मोकळेपणी पाऊल टाकता येईना. कलकत्त्याजवळच्या बजबजला उतरवून त्यांना खास गाडीने पंजाबात धाडायचा बेत होता. त्यांना कलकत्त्याला जायचं होतं. गुरू ग्रंथसाहेब पुढे घेऊन ते चालू लागले, त्यांना मागे वळवलं गेलं, आणि 29 सप्टेंबरला स्टेशनापाशी गोळीबार झाला. वीसच्या आसपास प्रवासी ठार झाले.

त्याच हिवाळ्यात गदर चळवळीतले तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून, याच वटहुकुमाच्या कडक पहाऱ्यातून निसटून, बंडासाठी हिंदुस्थानात पोचले. 16 नोव्हेंबर 1915 ला त्या बंडाच्या कटासाठी लाहोरच्या तुरुंगात चळवळीतले सहकारी कर्तार सिंग सराभांबरोबर ते फासावर गेले.

माणसाला सीमेवर अडवण्यापेक्षा तिकिटाच्या खिडकीवरच अडवायचं, ही 1908 ची युक्ती जुनी झालेली नाही. आज व्हिसा नसलेला प्रवासी नेला तर अनेक देश विमान कंपनीला दंड करतात. त्यामुळे परदेशाची सीमा मुंबई विमानतळाच्या काउंटरवरच सुरू होते. तिथल्या नकाराला ना न्यायाधीश असतो, ना किनाऱ्यावर जमलेले आपले लोक.

कॅनडाने सलग प्रवासाची अट 1947 मध्ये काढली. 18 मे 2016 रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत माफी मागितली. बजबजला उभारलेल्या या प्रवाशांच्या स्मारकाचं उद्घाटन पंडित नेहरूंनी 1952 मध्ये केलं होतं. कोलकात्याला गेलात तर सियालदाहून लोकल पकडा आणि तिथे जाऊन या. स्टेशनाच्या नावातही आता ‘कोमागाता मारू’ आहे.