टाके निघाले, दुखणं राहिलं
हर्नियाविषयी सारं काही : भाग ६

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचे सगळ्यांत जास्त घाबरतात ते अंडकोषावर उतरलेलं काळंनिळं पाहून. जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं की आत साकळलेलं थोडं रक्त उताराच्या बाजूला सरकतं. कातडी आधी जांभळी, मग हिरवट, मग पिवळी पडते आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होते. हे कोणी आधी सांगून ठेवलेलं नसतं, म्हणून धावपळ होते.

दुसरी धास्ती फुगवट्याची. हर्निया जिथे होता तिथेच मऊ गोळा लागतो आणि रुग्णाचा धीर सुटतो : ‘पुन्हा आला!’ बहुधा तो आलेला नसतो. आतडं आत ढकलल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागेत पाणी साठतं, त्याला डॉक्टर ‘सेरोमा’ म्हणतात. खोकलल्यावर तो वाढत नाही, आडवं झाल्यावर आत जात नाही. बहुतेक वेळा सहा ते आठ आठवड्यांत शरीर हे पाणी शोषून घेतं. ‘सुई घालून काढून टाका ना’ असा आग्रह धरू नये, कारण त्या सुईवाटे जंतू थेट ऑपरेशनमध्ये आत बसवलेल्या जाळीपर्यंत पोचू शकतात.

पहिल्या आठवड्याचं दुखणं मात्र खरं असतं आणि ते सोसत बसण्यात काही शहाणपण नाही. वेदनाशामक गोळी दुखणं टिपेला पोचल्यावर नव्हे, तर सांगितलेल्या वेळेला घ्यावी. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर कोणती घ्यायची हे आधीच विचारून घ्यावं. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराचा टेकू घेत वर यायचं. खोकला किंवा शिंक येणार असं वाटताच उशी जखमेवर घट्ट दाबून धरायची. बद्धकोष्ठाकडे तर घरात कुणाचंच लक्ष नसतं. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी शौचाला कडक होतं, मग कुंथावं लागतं आणि सगळा ताण टाक्यांवर येतो. भरपूर पाणी आणि डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल, एवढ्यावर बरंच निभावतं.

‘सहा महिने जागचं हलू नकोस’ हा शेजारपाजारचा सल्लाही आता मागे पडायला हवा. जांघेच्या साध्या हर्नियानंतर झेपेल तसं चालणं-फिरणं लगेच सुरू करावं, असंच आजचं वैद्यकशास्त्र सांगतं. पोटावरच्या जुन्या टाक्यांतून आलेला मोठा हर्निया असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वजन कधी उचलायचं आणि पट्टा किती दिवस बांधायचा हे सर्जनच ठरवतील.

ताप, जखमेतून पू, पसरत जाणारी लाली, लघवी अडकणं, पोट फुगून उलट्या, पोटरीला सूज किंवा अचानक लागलेली धाप, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये.

आता त्या दुखण्याविषयी, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. टाके निघतात, जखम भरते, सर्जन ‘उत्तम’ म्हणतात, आणि तीन महिन्यांनंतरही जांघेत आग होते, चमक निघते, पँटची शिवण लागली तरी झणका बसतो. जांघेच्या हर्नियानंतर साधारण दहा ते बारा टक्के रुग्णांना रोजच्या कामात जाणवणारं दुखणं उरतं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दहांत एक! सर्जन लिख्टेनस्टाइन यांनी १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये जाळीची पद्धत रुळवली, हर्निया पुन्हा उलटण्याचं प्रमाण झपाट्याने घटलं, आणि यशाचं माप तेवढंच ठरून गेलं. तपासणीला आलेल्या माणसाला ‘फुगतंय का?’ हे हमखास विचारलं जातं. ‘दुखतंय का, मांडी घालून बसता येतं का, संबंधाच्या वेळी त्रास होतो का?’ हेही विचारलं गेलंच पाहिजे.

दोष सगळा जाळीचा, असंही नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीऐवजी रुग्णाच्याच पोटावरच्या स्नायूच्या पापुद्र्याची पट्टी वापरण्याची पद्धत काढली. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर या दोन्ही पद्धतींची तुलना झाली; २०१२ साली छापलेल्या तीन वर्षांच्या निष्कर्षांत दीर्घकालीन दुखण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. जांघेतून तीन बारीक नसा जातात. त्यांतली एखादी टाक्यात अडकू शकते, कापली जाऊ शकते किंवा व्रणात आवळली जाऊ शकते, मग जाळी असो वा नसो.

म्हणून नुसतं ‘दुखतं’ म्हणून थांबू नये. आग होते की ठणकतं, कुठून कुठवर जातं, बसल्यावर वाढतं की चालल्यावर, हे नेमकं सांगावं. जाणकार डॉक्टर कापसाने आणि टाचणीने हलकेच चाचपून, कुठे बधिर आहे आणि कुठे स्पर्शही सोसत नाही, याचा नकाशा पेनाने कातडीवरच काढतात. त्यावरून कोणती नस दुखावली याचा अंदाज येतो. मग नसांच्या दुखण्यावरची औषधं येतात. ती साध्या वेदनाशामकांहून वेगळी असतात आणि गुण यायला काही आठवडे लागतात. त्यानंतर पेन क्लिनिकमध्ये नसेभोवती भुलीचं इंजेक्शन देतात. त्याने तात्पुरता जरी आराम पडला, तरी निदानाला बळकटी मिळते.

याही उपायांनी भागलं नाही तर नस कापण्याचं किंवा जाळी काढण्याचं ऑपरेशन उरतं. ते नेहमीच्या हर्नियापेक्षा किचकट, म्हणून त्याचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच जावं. नस कापल्यावर तेवढा भाग कायमचा बधिर राहतो, याची कल्पना रुग्णाला आधीच दिलेली असावी.