राधानगरीचा दरवाजा आणि रोबॉटचा हात

पावसाळ्यात 'राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला' असा मेसेज फिरला की कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला लागतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. कंट्रोल इंजिनिअरिंगच्या वेड्याला मात्र त्यात भलतंच काही दिसतं. राधानगरी धरणाचे हे सात स्वयंचलित दरवाजे उघडायला माणूस लागत नाही की मोटर. धरण भरलं की पाण्याचा दाब प्रतिवजनावर मात करतो आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. पातळी उतरली की दरवाजा आपसूक बंद. याला म्हणायचं रोबस्ट! नियम एकच, पाऊस कसाही पडो.

रोबॉटच्या हाताचं एवढ्यावर भागत नाही. हात लांबवला की खांद्यावरचा भार वाढतो, कोपर दुमडला की घटतो. त्यात फाउंड्रीत उचललेलं कास्टिंग दोन किलोचं की दहा, हे त्याला आधी ठाऊक नसतं. अडॅप्टिव्ह कंट्रोलर होणाऱ्या चुकीवरून वजन ताडतो आणि स्वतःचे आकडे बदलत राहतो.

भारी प्रकार, पण बेभरवशाचाही. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी अमेरिकेचं एक्स-१५ विमान कोसळलं, त्यात अशाच कंट्रोलरचा वाटा होता. विमान जोरात हेलकावत असताना कंट्रोलरनं आपला जोर कमीच केला नाही. आता कंट्रोलरच्या अशा बदलत्या आकड्यांना आधीच वरची-खालची मर्यादा घालून ठेवतात.